बाईंचा घसा आणि प्रकट मुलाखत

मंडळाचा चिटणीस शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हेब्बाळहून एवढ्या ट्रॅफिकमधून बनशंकरीला माझ्या दुकानात आला, तेव्हा मी काजं करत बसलो होतो. पुण्याचा पोरगा. कंप्युटरच्या कंपनीत आहे, शनिवार-रविवार मराठी मंडळाचं बघतो. आल्या आल्या म्हणाला, "काका, स्नेहसंमेलनात यंदा एका शिक्षिकेची प्रकट मुलाखत ठेवलीय. प्रश्न तुम्ही विचारायचे."

"काका पुण्यात. इथं अण्णा म्हणायचं," मी म्हटलं. "आणि मी चौथी शिकलेला माणूस, तीही कन्नडात. माझं नाव कुणी काढलं?"

"बाईंनीच. म्हणाल्या, अण्णा विचारणार असतील तर येते."

बाई म्हणजे इथं पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्याच जुन्या मराठी घरांपैकी एका घरची मुलगी. लहानपणी तिचे फ्रॉक मी शिवले. पण ती शिकवायला लागली त्या दिवसापासून मी तिला अहो-जाहो करतो. शिकवणाऱ्याला अरे-तुरे करायचं नाही, हे माझ्यात मुरलेलं आहे. आमच्या भागातल्या एका खाजगी शाळेत त्या तिसरीला शिकवतात, आणि त्या शाळेचे युनिफॉर्म माझ्याकडे शिवले जायचे.

चिटणीसानं फोनवर प्रश्न पाठवले. "आपली प्रेरणा काय?" "आपलं व्हिजन काय?" मी ते त्याच्यासमोर पुसून टाकले. पोरगा हिरमुसला. "अण्णा, एक फॉरमॅट असतो हो." मी म्हटलं, "असू दे. मी आधी वर्ग बघणार, मग प्रश्न. गिऱ्हाईक बघितल्याशिवाय मी कात्री धरत नाही."

माझ्या डोक्यात मास्तर म्हणजे आवाज. आमचे मास्तर पाढे म्हणायला लागले की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीतला माणूस मान डोलवायचा. त्यांच्या ओरडण्याला वैतागूनच मी चौथीनंतर वडिलांच्या मशीनवर बसलो आणि परत शाळेत पाय ठेवला नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मी शिवलेले कपडे घालून लोक कोर्टात उभे राहिलेत.

नव्या मुलांची मापं घ्यायला शाळेत गेलो तेव्हा तिसरीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. समोरच मेट्रोच्या खांबांचं काम चाललंय. दिवसभर ड्रिल, धूळ आणि हॉर्न. त्या गोंगाटात वर्ग चालू होता आणि बाईंचं तोंड मिटलेलं होतं. त्या फळ्यावर वाक्य लिहायच्या, वळायच्या, बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक करायच्या. एक मुलगी उठून ते वाक्य खणखणीत वाचायची आणि मग सगळा वर्ग. एका मुलानं काहीतरी विचारलं. बाई त्याच्याजवळ गेल्या, वाकून त्याच्या कानात बोलल्या, आणि ते पोर उभं राहून सगळ्यांना उत्तर सांगायला लागलं, जणू त्यालाच सुचलं होतं. एकदाही कुणी कुणावर ओरडलं नाही. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. त्यातलं चित्र मुख्याध्यापिका मॅडमच्या खोलीत दिसतं, आवाज येत नाही, हे मला शाळेच्या शिपायानं मागे कधीतरी सांगितलं होतं.

मला ते फार आवडलं. दारातच म्हणालो, "बाई, ही नवी पद्धत झकास आहे. मुलाखतीत हेच विचारतो."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नुसता हात हलवला.

संध्याकाळी त्या दुकानात आल्या. कामगार जाईपर्यंत ब्लाउजपिसं उलटीपालटी करत थांबल्या. मग माझ्या स्टुलाजवळ येऊन बोलल्या, तर मला ऐकूच येईना. मशीन बंद केलं. पंखा बंद केला. तेव्हा कळलं की त्या मुद्दाम हळू बोलत नव्हत्या. आवाज होताच तेवढा.

"पद्धत कसली, अण्णा. घसा गेलाय माझा. आतल्या तारांवर गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले, काही महिने तोंड उघडायचं नाही. नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशन करूनही येईलच असं नाही."

"मग रजा घ्या."

"रजा घेतली की वर्ग दुसऱ्याला देतील."

"देऊ देत. आवाज आला की परत घ्या."

बाईंनी मान हलवली. हा वर्ग त्यांनी पहिलीपासून वर आणला होता. एरवी दरवर्षी शिक्षक बदलतात. पण त्यांनी मॅडमच्या मागे लागून परवानगी मिळवली होती, की ही मुलं चौथी संपेपर्यंत माझ्याकडे राहतील. त्यात दोघं-तिघं अशी होती की पहिलीत पेन्सिल धरायला तयार नव्हती. बाईंचा नवरा बोम्मसंद्र्याला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. तोही रोज म्हणत होता, सोड ती शाळा, घसा वाचव. त्या ऐकत नव्हत्या. मार्चपर्यंत तिसरी, मग एक वर्ष चौथी, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग ही मुलाखत कशाला कबूल केलीत?" मी विचारलं.

"मी कुठं केली? मंडळाची माणसं शाळेत आली, मॅडमनीच हो म्हटलं. ॲडमिशनच्या दिवसांत फोटो लावायला होतो त्यांना. स्वतः येणार आहेत, पहिल्या रांगेत. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं."

"आणि मीच का?"

पहिल्यांदाच त्या थोड्या हसल्या. "तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा उत्तराला जागाच ठेवत नाही, अण्णा."

मला राग आला. तोंडावर असं मला कुणी बोलत नाही. पण बाई खरंच सांगत होत्या, आणि मला त्यांनी काम दिलं होतं. दिलेलं काम मी कधी अर्धवट केलेलं नाही.

मग आम्ही दोघांनी तयारी केली. प्रश्न मी लांबलचक विचारायचे. उत्तर त्यांनी एका-दोन वाक्यांत, माईकला ओठ लावून, हलकेच द्यायचं. माईकवर कुजबुजसुद्धा भारदस्त लागते. माईकवाल्याला मी आधीच गाठून सांगितलं, "बाई स्वल्प हळू बोलतात, त्यांचा आवाज वाढवून ठेव." तो म्हणाला, "सरी अण्णा," म्हणजे ठीक.

त्या रविवारी हॉल भरलेला होता. पुढच्या रांगेत मॅडम, जरीची साडी, शेजारी त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ फोटो काढायला. मॅडम कन्नड. मराठी त्यांना चार शब्दांपलीकडे कळत नाही. मला वाटलं, हे तर बरंच झालं.

मी सुरुवात केली ती माझ्या मास्तरांपासून. त्यांची छडी, त्यांची टोपी, गिरणीवाला, सगळं सांगितलं. लोक हसले. चिटणीस घड्याळाकडे बघायला लागला. मग विचारलं, "तर बाई, तुम्ही मारता का हो?"

"एकदा मारलं," बाई माईकमध्ये म्हणाल्या. "त्यानंतर तो मुलगा वर्षभर मला उत्तर देताना भिंतीकडे बघायचा."

त्या उत्तराची तयारी आम्ही केलेली नव्हती.

मी पुढं गेलो. आमच्या वेळी ढ मुलांना मागच्या बाकावर बसवायचे, मीही तिथंच होतो, आणि तिथून खिडकीबाहेरचं चांगलं दिसायचं, वगैरे. "तुमच्याकडे ढ पोरांचं काय करता?"

"ढ कोण ते मुलंच पहिल्या महिन्यात ठरवून टाकतात. मी त्यांच्या जागा बदलत राहते. त्यांना विसरायला लावते."

"आणि आईबाप काय विचारतात?"

"मार्क किती. आणि डबा संपवला का."

हशा पिकला. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मला चेव चढला. मी विचारलं, "हा धंदा म्हणून कसा आहे?" धंदा शब्द ऐकून चिटणीसानं कपाळाला हात लावला, पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही आणि मला तो वाईट वाटत नाही.

बाईंनी माईक तोंडाशी आणला. "दर वर्षी टाचलेलं कापड दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असा धंदा आहे, अण्णा. शिवलेलं कसं दिसतं ते आम्ही बघतच नाही. मला एकदा बघायचंय."

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे नाहीतर बाईंकडे बघून हसत होते. मॅडम तेवढ्या डोकं किंचित तिरकं करून बसल्या होत्या. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही, नंतर लागला. बाकीचे लोक बाई काय बोलतात ते ऐकत होते. मॅडमना भाषा कळत नव्हती, त्यामुळे त्यांच्यापाशी नुसता आवाजच पोचत होता.

तरी मुलाखत पार पडली. शाल झाली, नारळ झाला. मी मनात म्हटलं, सुटलो. हॉलची वेळ संपत आली म्हणून माईकवाला वायरी गुंडाळायला लागला. खाली बायकांचं हळदीकुंकू सुरू झालं. बाईंना मध्ये घेतलं, कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. आणि आमच्याच जुन्या घरातली एक अक्का ओरडली, "उखाणा! बाई, उखाणा घ्या!"

बाईंनी हसून मान हलवली.

"अय्या, वर्गात एवढं बोलता आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजता?"

"पदरात तोंड लपवतायत बघा! नवीन नवरी जशी!"

"घेतल्याशिवाय जाऊच द्यायचं नाही. दार लावा गं!"

नवीन पुण्या-मुंबईकडच्या पोरीही सामील झाल्या, त्यांनी फोन वर धरले. दुसरं काही असतं तर बाईंना नाही म्हणता आलं असतं. पोट दुखतंय, उशीर झालाय, काहीही. उखाण्याला ते चालत नाही. नाही म्हटलं की लाजते म्हणतात, आणि लाजते म्हटलं की कडं आणखी आवळतं. हे मी माझ्या आईपासून, बहिणींपासून बघत आलोय, आणि आजवर मला त्यात गंमतच वाटायची.

मी कडं फोडून आत शिरलो. पुरुषानं हळदीकुंकवात शिरायचं नसतं. "अगं, मीच घेतो!" मी म्हटलं. बायका खिदळल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ती असताना मी चारचौघांत कधी तिचं नाव घेतलं नव्हतं, ती रुसायची त्यावरून. तिथं उभ्या उभ्या जे सुचलं ते म्हटलं:

"सुईत दोरा, दोऱ्याला गाठ,
...चं नाव घेतो, सोडा आता बाईंची वाट."

तिचं नाव इथं लिहीत नाही. तिथं मोठ्यानं घेतलं.

केवढा गलका झाला! टाळ्या, शिट्ट्या. एका अक्कानं माझ्याच कपाळाला कुंकू लावलं. मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात तीच अक्का म्हणाली, "बघा बाई, या वयात अण्णांनी घेतला. आता तुम्हाला सुटका नाही!"

मी दार उघडायला गेलो होतो, ते माझ्याच हातानं आणखी घट्ट लागलं.

मॅडमही कड्यात आल्या होत्या. काय चाललंय म्हणून विचारत होत्या. कुणीतरी कन्नडात समजावलं, नवऱ्याचं नाव यमकात गुंफून मोठ्यानं म्हणायचं असतं. मॅडम हसल्या. "हेळी टीचर, हेळी. नाचिके याके?" म्हणा टीचर, लाज कशाची.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

जुनं मांजरपाट आडवं फाडताना होतो तसा आवाज झाला. पहिला शब्द अर्धा आला, पुढे नुसती हवा. ओठ हलत होते. बाईंनी गळ्याला हात लावला, आवंढा गिळला, परत सुरुवात केली. या खेपेला तेवढंही आलं नाही. पहिल्यांदा बायका हसल्या, त्यांना वाटलं नाटक करतात. मग कडेकडेनं हसू थांबत गेलं. फोन धरलेल्या पोरींनी हात खाली घेतले.

मॅडम हसायच्या थांबल्या होत्या. जवळ येऊन मायेनंच विचारलं, "गंटलु एनायतु, टीचर?" घशाला काय झालं.

बाईंनी खुणेनं सर्दी म्हणून सांगितलं.

"सरी, सरी," मॅडम म्हणाल्या. पण त्या बाईंकडेच बघत राहिल्या.

सोमवारी बाईंना ऑफिसात बोलावलं. पुस्तकातलं एक पान पुढ्यात ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिसरीवर नवी मुलगी आली. बाईंना घसा बरा होईपर्यंत विश्रांती घ्या म्हणाले. बरा झाला तर तेव्हा बघू.

हे मला बाईंच्या नवऱ्यानं सांगितलं. मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि तसाच शाळेत गेलो. मॅडमनी मला बसवलं, कॉफी मागवली. आमचं सगळं बोलणं कन्नडात झालं.

मी म्हटलं, "मी वर्ग बघितलाय. पोरं शिकत होती. तुमच्या दुसऱ्या वर्गांत बाई ओरडतात आणि पोरं झोपतात."

"शिकत होती, मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "कॅमेऱ्यात मीही बघत होते. मला वाटायचं, किती शांत वर्ग आहे. पण एखादं मूल जिन्यावरून पडायला आलं तर टीचर हाक कशी मारणार? उद्या पालकांनी विचारलं, मुकी टीचर का ठेवली, तर मी काय सांगू?"

"मुक्या नाहीयेत त्या."

"अण्णा, तुमच्या कटिंगवाल्याला दिसेनासं झालं आणि त्यानं तुम्हाला सांगितलंच नाही, नुसता हातानं चाचपून कापत राहिला, तर तुम्ही काय कराल?"

मी कॉफी तशीच ठेवून उठलो आणि म्हटलं, "आजपासून तुमच्या शाळेचे कपडे मी शिवणार नाही."

"सरी अण्णा," त्या म्हणाल्या. तेवढंच. जूनच्या आधी युनिफॉर्म दुसरीकडे गेले. माझ्या कामगारांना वाईट वाटलं, पण शब्द दिला तो दिला. आजही मी तो मागे घेतलेला नाही.

मंडळाच्या अंकासाठी चिटणीसाला मुलाखत लिहून हवी होती. "उखाण्याचं नको हं अण्णा, छान छान तेवढं द्या." मी म्हटलं, मला राहिलेले प्रश्न विचारायचेत, मग लिहीन, आणि जसं झालं तसं लिहीन. त्यासाठी बाईंच्या घरी गेलो.

बाई घरातच होत्या. डॉक्टरांनी दिवसाला अगदी थोडं बोलायला परवानगी दिली होती, बाकी वेळ गप्प. मी शाळेत जाऊन भांडलो ते त्यांना कळलेलं होतं. त्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या. "मला विचारलं होतंत का, अण्णा? तिथं परत जायचं म्हटलं तर आता मॅडमना दोन माणसांना माफ करावं लागेल, एक मला आणि एक तुम्हाला."

"मी न्यायाचं बोललो."

"हो. बोललात."

मग मी प्रश्न विचारले. या खेपेला लहान. फळ्यावर किती मोठं लिहायचं. मूल खोटं बोलतंय हे कसं कळतं. पहिल्या दिवशी वर्गात शिरताना काय करायचं. त्या सांगत गेल्या, थांबत, पाणी पीत. बोलता बोलता पाठ ताठ झाली, हात हलायला लागले, त्या दोघा-तिघा पेन्सिल न धरणाऱ्यांच्या गोष्टी आल्या. त्यांतला एक आता नव्या टीचरच्या वर्गात दिवसभर डोकं बाकावर टेकून बसतो, असं कुणाच्या तरी आईनं सांगितलं होतं. मीही ऐकत राहिलो. मला वेळेचं भान नव्हतं, त्यांनाही नसावं.

शेवटी विचारलं, "आवाज आला तर परत तोच वर्ग मागाल?"

"डॉक्टर आता वर्ष-दीड वर्ष म्हणतायत, तोवर ती मुलं पाचवीत गेलेली असतील. चौथीच्या पुढं मला शिकवता येत नाही, तेवढं शिक्षण नाही माझं."

"मग नवी पहिली घ्या. परत चौथीपर्यंत न्या."

"मॅडम आता कुणालाच तशी परवानगी देणार नाहीत, अण्णा," त्या म्हणाल्या, पण शेवटचे शब्द मी ओठांवरूनच वाचले.

दार वाजलं. त्यांचा नवरा बोम्मसंद्र्याहून शिफ्ट संपवून आला होता. चप्पल काढता काढता त्यानं मला बघितलं, मग बायकोकडे, मग टेबलावरच्या पाण्याच्या रिकाम्या तांब्याकडे.

"किती बोलायला लावलंत तिला?" त्यानं मला विचारलं.

"थोडंच," मी म्हटलं.

त्यानं बाईंना विचारलं, "थोडंच?" त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. त्या खाली मान घालून बसल्या.

तो माझ्यावर ओरडला नाही. माझी छत्री उचलून माझ्या हातात दिली, दार उघडलं आणि मी बाहेर जाईपर्यंत धरून उभा राहिला.